डार्ला गळ शिकायला आली

प्रिय डेलिया,

फोनवर तू विचारतेस, "सगळं बरं आहे ना?" आणि मी म्हणते, "हो गं, बरं आहे." मग तू हवेचं विचारतेस, मी हवेचं सांगते. तिकडे नेवाडात तुमच्याकडे पाऊस नाही, इकडे केंटकीत थांबत नाही, एवढ्यावर आपलं बोलणं संपतं. म्हणून आज कागद घेतला. कागद मधेच "बरं, ठेवते मग" म्हणत नाही.

तळं पुन्हा भरलंय. धरणाची दारं बंद झाली आणि एप्रिलमध्ये पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आलं. आपल्या उतारावरचं डॉगवुडचं झाड फुलांनी पांढरंशुभ्र झालं होतं, आता गळून गेलं. शाळांच्या मासेमारीच्या स्पर्धा सुरू झाल्यात. शनिवारी सकाळी शाळांच्या बोटी गाड्यांच्या मागे जोडून आपल्या दारावरूनच जातात. त्या जाईपर्यंत बाबा मागच्या शेडमध्ये असतात. तिथं ते काही करत नाहीत. एका उलट्या बादलीवर बसतात. मोठी बोट विकली ते तुला माहीत आहे, छोटी पत्र्याची होडी तेवढी राहिली आहे. तिच्यावर कोळिष्टकं धरली होती.

अपघात झाला तेव्हा तू मोठ्या बोटीत होतीस, तुला काय सांगायचं! पण आपल्या घरात ते कुणी कधी सरळ बोललं नाही, म्हणून मी एकदा लिहिते. तू आणि वेस शाळेच्या संघातली जोडी, बाबा तुमची बोट चालवणारे. ऑक्टोबर होता. धरणातून पाणी सोडलं होतं, पातळी बरीच खाली गेली होती, वर धुकं. जिथं बाबा आयुष्यभर बोट पळवत आले तिथंच जुन्या झाडाचं बुडालेलं खोड पाण्याच्या अगदी वर आलं होतं. ते कुणालाच दिसलं नाही, बोट त्यावर आदळली. तुला आणि बाबांना नुसतं खरचटलं आणि वेस गेला. चौकशी झाली, दोष कुणाचाच नाही असं ठरलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू बाबांना म्हणालीस, "तुम्ही पाणी बघायला हवं होतं." त्यानंतर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. मी तुला त्यावरून बोल लावत नाही. सतरा वर्षांची पोर होतीस, शेजारी बसलेला मित्र तुझ्यासमोर गेला. पण ते वाक्य बाबांनी ठेवून घेतलंय, एवढं तुला माहीत असावं.

आता मुख्य सांगते. डॉगवुड फुलावर होतं तेव्हा एका दुपारी डार्ला आली. वेसची आई आपल्या दारात उभी राहील असं मला कधी वाटलं नव्हतं. दफनानंतर ती आम्हाला दुकानात दिसायची, मान हलवायची आणि दुसऱ्या रांगेत जायची. शाळेच्या भोजनगृहातल्या कामावरून सरळ आली होती, केसांवरची जाळीही काढली नव्हती. हातात वेसची गळांची पेटी. मी कॉफी विचारली, तर म्हणाली, "नंतर. हॉलिस आहे का?"

मी बाबांना शेडमधून बोलावून आणलं. ते दारातच थांबले, आत येईनात. डार्लाने पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हॉलिस, वेस जसा मासा धरायचा तसा मला एक धरायचाय. मला शिकव."

बाबा म्हणाले, "दुसऱ्या कुणाला विचार, डार्ला."

"त्याला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं," ती म्हणाली.

मग ते आत आले आणि हात धुऊन बसले. हात का धुतले कोण जाणे, आमिषाच्या रबरी गांडुळाला हात लावायला कुणी हात धुतं का? तुला ती पेटी आठवत असेल. एका कप्प्यात शिशाचे छोटे गोल डोक्याचे गळ, दुसऱ्यात ती बारीक, सरळ शेपटीची गांडुळं, हिरवट, काळे ठिपके असलेली. डार्लाने एक उचललं आणि म्हणाली, "एवढंसं? असलंच तर पोरं माझ्या शेवयांतून काढून दाखवायची आणि म्हणायची, बघा, जेवणात काय आलं." बाबा हसले नाहीत, पण त्यांच्या खांद्यांचा ताठरपणा जरा गेला.

त्यांनी तिला शिकवलं. मी ओट्याशी उभी राहून घेवडा निवडत होते, माझं लक्ष सगळं तिकडेच. गळाचं टोक गांडुळाच्या तोंडातून किंचित आत घालायचं, लगेच खालून बाहेर काढायचं, मग ते वर सरकवून शिशाच्या डोक्याला नीट चिकटवायचं. गळ फिरवायचा. गळाचा वाक गांडुळाच्या अंगावर कुठं येतो ते धरून बघायचं, तिथंच टोचायचं, आणि टोक पार बाहेर न काढता पाठीच्या कातडीखाली लपवून ठेवायचं, म्हणजे दगडात, फांदीत अडकत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते सरळ बसलं पाहिजे. जरा वाकडं बसलं की पाण्यात गरगर फिरतं, गळाचा बारीक दोरा, तंगूस, पिळून जातो, आणि बास मासा तिकडे ढुंकून बघत नाही.

डार्लाची गांडुळं फाटत होती. बाबा प्रत्येक वेळी शांतपणे काढायचे आणि नवं द्यायचे. एक मला अगदी सरळ दिसत होतं, तेही त्यांनी काढायला लावलं. तेव्हा ती वैतागून म्हणाली, "हॉलिस, तू शिकवतोयस की शिक्षा करतोयस?"

ते म्हणाले, "वेसलाही हेच विचारायची सवय होती."

डेलिया, वेस गेल्यापासून या घरात त्याचं नाव त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघालं. कुणी रडलं नाही. डार्लाने पुढचं गांडूळ घेतलं. बाबा त्या एका दुपारी जेवढं बोलले तेवढं अख्ख्या हिवाळ्यात बोलले नव्हते. ती जेवायला थांबली. मक्याचा पाव तिने दोनदा मागून घेतला. ती गेल्यावर बाबांनी शेडमध्ये जाऊन होडीवरची कोळिष्टकं झाडली, आणि मी भांडी घासताना मनात म्हटलं, सुटलं. आता हे सुटणार. मी चक्क गुणगुणत होते. हे तुला मुद्दाम सांगते, कारण मी किती आशेवर होते ते कळल्याशिवाय तुला पुढचं कळणार नाही.

रविवारी आम्ही गेलो. मी येणार नव्हते, पण डार्ला म्हणाली, "ट्वायला, तू पण चल. आम्ही दोघंच पाण्यावर काय बोलणार?" ऊन पडलं होतं, वारा नव्हता. बाबांनी होडी अगदी हळू नेली, वल्ह्यानेच. त्या जागेकडे नेली नाही. पलीकडच्या खडकाळ कड्यापाशी नेली, जिथं खडक पाण्यात पायऱ्यांसारखा उतरत जातो. तुम्ही दोघं लहान असताना ते तुम्हाला पहिल्यांदा तिथंच घेऊन गेले होते.

सुरुवातीला डार्लाने तंगूस माझ्या टोपीत अडकवला, मग स्वतःच्या बाहीत. मग जमलं. बाबा तिला सांगत होते, टाकलंस की काही करू नको. तंगूस सैल सोड, त्याला तळाला जाऊ दे, आणि नुसता तंगूस बघत राहा. तळाला टेकला की गळाच्या काठीचं टोक थरथरव, पण गळ जागचा हलू देऊ नको. खाली ते गांडूळ डोक्यावर उभं राहून शेपूट हलवतं. मासा ते बघत राहतो. त्याला बघू दे. डार्लाने विचारलं, मग किती वेळ? ते म्हणाले, तुझा धीर सुटेपर्यंत, आणि त्यानंतर अजून थोडा.

आम्ही बराच वेळ तसेच बसलो. मला वाटतं त्या वेळात तिघंही बरे होतो.

मग डार्ला हळूच म्हणाली, "काहीतरी झालंय. ओढत नाहीये. नुसतं जड झालंय, ओलं फडकं लागल्यासारखं."

"तोच आहे," बाबा म्हणाले. "झटका देऊ नको. सैल तंगूस गुंडाळून घे. आता काठी बाजूला ने, सावकाश."

काठी वाकली. तंगूस एवढा बारीक की आता तुटतो की मग असं मला होत होतं. बाबा काठीला हात लावत नव्हते, नुसते सांगत होते, जाऊ दे त्याला, जाऊ दे, आता घे. तपकिरी बास होता, अंगावर पट्टे, तांबडे डोळे. तो दोनदा पाण्याबाहेर उडाला. बाबांनी दाखवलं तसं डार्लाने त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून त्याला वर धरलं. चांगला मोठा होता. स्पर्धेत असा मिळाला असता तर वेसला आनंद झाला असता.

ती त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "यासाठी तो अंधार असताना उठायचा?"

"हो," बाबा म्हणाले.

तिने वाकून मासा पाण्यात सोडला आणि हात पँटला पुसले. म्हणाली, "हॉलिस, मी तुला दोष देत नाही. कधीच दिला नव्हता. ते सांगायचं म्हणूनही आले. पण मला वाटलं होतं, हे केलं की तो जरा जवळ आल्यासारखा वाटेल. नाही वाटत. मासा आहे नुसता."

बाबांनी होडी वळवली. काठाला लागेपर्यंत ते वल्हं मारत राहिले. मी डार्लाचा हात धरला होता आणि तिने तो धरू दिला, पण तो हात धरल्यासारखा नव्हता. होडी वर ओढून झाली तेव्हा बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू दोष दिला असतास तर बरं झालं असतं, डार्ला."

तिने गाडीचं दार उघडलं. मग म्हणाली, "तेवढं मला नाही जमणार." आणि गाडीत बसून गेली.

पेटी आमच्याकडेच राहिली होती. दुसऱ्या दिवशी बाबा तिच्या ओसरीवर ठेवून आले. त्यानंतर डार्ला आमच्याकडे आली नाही. दुकानात भेटली की आता थांबते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते. तिला राग नाही. तिच्याकडे आमच्यासाठी काहीच उरलेलं नाही, आणि त्यात तिचं काय चुकलं?

मी मात्र अजून वाट बघत होते. मला वाटलं, एवढं बोलून झालंय, आत कुठंतरी उतरेल, वेळ लागेल. पण बाबा पुन्हा बादलीवर जाऊन बसले, आणि या वेळी वेगळे बसले. आधी ते कशाची तरी वाट बघत बसायचे. कुणी येऊन शिव्या देईल, थोबाडीत मारेल, नाहीतर माफ करेल, असं काहीतरी. आता आलं ते माणूस, म्हणायचं ते म्हणून गेलं, आणि काही फरक पडला नाही. गिरणीतलं काम त्यांनी सोडलं. जेवण समोर ठेवलं तर जेवतात. गेल्या आठवड्यात मी शेडमध्ये गेले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघा दुखत असताना, आणि विचारलं, "हॉलिस, मी काय करू ते एकदा सांग. सांगशील ते करते." त्यांनी माझ्याकडे अगदी प्रेमाने बघितलं. खरंच प्रेमाने, लग्नाआधी बघायचे तसं. म्हणाले, "काही करू नकोस, ट्वायला. करण्यासारखं काही नाही." ते चिडून म्हणाले असते तर मी थांबले असते. मला थांबायला तेवढं पुरलं असतं.

तर पत्र यासाठी. मी शनिवारी घर सोडतेय. ओहायोत लोइस मावशीकडे जाणार आहे, आणि परत येईन असं मला वाटत नाही. त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने मी खिडकीतून बघितलं तर ते माझ्या गाडीचं तेल बघत होते, मग चाकांत हवा भरली, काच आतून-बाहेरून पुसली. एवढं सगळं नीट केलं आणि मला एका शब्दाने थांब म्हणाले नाहीत. शनिवारनंतर त्या घरात ते एकटे असतील. लोक येत नाहीत आपल्याकडे, तुला ठाऊक आहे. मी तुला घरी ये म्हणत नाही, माफ कर असंही म्हणत नाही. डार्लाने केलं ते, त्याने काही झालं नाही. फक्त रविवारी एकदा फोन लाव. ते उचलतील, त्यांना वाटेल मीच आहे. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पलीकडून ते "हॅलो" म्हणाले की तुला कळेल ते अजून आहेत, आणि मला कळवशील. तू लावशील असं मला वाटत नाही, डेलिया. तुझ्या जागी मीही कदाचित लावला नसता. पण मी निघाल्यावर त्यांच्याबद्दल विचारायला जगात दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच लिहिलं.

काहीही केलंस तरी तुझीच,
आई