वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

आदरणीय दादांना,

आपल्या एकुलत्या एका बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, नमस्कार. आपली तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. (गुडघ्याबद्दल विचारणार होतो, पण मागच्या खेपेला विचारलं तेव्हा आपण गुडघ्याची आतली रचना आकृती काढून कळवली होती. म्हणून या वेळी फक्त 'गुडघा बरा असो' एवढंच.) वहिनींच्या दाताचं काम पार पडलं असेल. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. शिवणाच्या दुकानात सध्या काम बेताचंच आहे, शाळा सुरू व्हायच्या सुमारास मान वर करायला फुरसत मिळणार नाही. आपण पुढच्या आठवड्यात येताय म्हटल्यापासून आपल्या बहिणीने पाहुण्यांच्या गादीला ऊन दाखवायला सुरुवात केली आहे. आपण येण्याआधी घरात एक नवीन यंत्र आलं आहे, त्याची कल्पना द्यावी म्हणून हे पत्र लिहायला बसलो. नाहीतर बाहेरच्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या आपल्याला वाटायचं की आम्ही फ्रीज बैठकीत आणून ठेवला.

यंत्र का आणलं ते आधी सांगतो. आपली भाची चिमी तिकडे लांबच्या शहरात इस्पितळात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागली, तेव्हापासून तिचा रोज फोन येतो. रोज येतो आणि लगेच संपतो. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो. मग? मग काही नाही. यापलीकडे गाडी सरकत नसे. फोन संपला तरी तिची आई तो थोडा वेळ हातातच धरून बसायची. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे तिला कळत होतं, पण काय ते पोरगी सांगेना, आणि खोदून विचारलं की फोन आणखी लवकर संपे. मला याची फार काळजी लागली होती, हे आपल्याला सरळच लिहितो. मग मागच्या सुट्टीत चिमी घरी आली आणि तिने आईला स्वतःच्या लॅपटॉपवर एक खेळ दाखवला. खेळ म्हणजे मारामारीचा नव्हे. दोघींनी मिळून एक ओसाड बेट वसवायचं, लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, शेळ्या पाळायच्या. (आपल्या बहिणीने पहिल्याच दिवशी शेळ्यांना शिस्त लावली.) आणि काय सांगू दादा, नजर बेटावर ठेवून पोरगी बोलायला लागली. साहेब कसा टाकून बोलतो, सुट्टीच्या दिवशी कसं करमत नाही, संध्याकाळी एकटीला जेवण कसं जात नाही. मी शेजारच्या खोलीत बटणं लावत होतो, तीन-तीनदा त्याच भोकातून दोरा घालत ऐकत राहिलो. सुट्टी संपली, चिमी गेली, तिच्याबरोबर लॅपटॉपही गेला. दोघींकडे एकेक चांगलं यंत्र असलं तर इथून तिथून एकत्र खेळता येतं, असं ती जाता जाता म्हणाली. आई म्हणाली, "असू दे." आपल्या बहिणीचं 'असू दे' काय असतं ते आपण लहानपणापासून जाणता. मी दुसऱ्याच दिवशी कपाटातून साठवलेल्या पैशांचं पाकीट काढलं.

आता खरेदीकडे वळतो. आपण फोनवर मला सगळं नीट समजावलं होतं, हे मी नाकारत नाही. खेळाचं चित्र काढणारं जे ग्राफिक कार्ड असतं ते आधी ठरवायचं आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवायचं, असं आपण सांगितल्याचं मला पुसट आठवतंसुद्धा. पण नेमकं त्याच वेळी कोटाची ट्रायल द्यायला गिऱ्हाईक आलं आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तेव्हा कॉम्प्युटरच्या दुकानात मी माझ्याच अकलेवर विसंबून गेलो. दुकानदार माणूस गोड आहे. आपली ऐपत सांगितली की तो आजाऱ्याच्या घरच्यांकडे डॉक्टर बघतात तसं आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, "थोडं अजून टाकलंत ना, तर..." (हे वाक्य तो कधीच पुरं करत नाही, पुरं आपण करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे.) आम्ही दोघांनी घरी त्याचं नाव थोडंअजून असंच ठेवलं आहे.

दादा, मी शिंपी माणूस. लहान मुलाचा कपडा अंगाबरोबर बेतणं हा माझ्या धंद्यात मोठा गुन्हा. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडायची, खाली भरपूर दुमड ठेवायची, आणि मूल वाढेल तशी ती दरवर्षी उसवत जायची. चिमीच्या गणवेशाच्या स्कर्टवर जुन्या दुमडींच्या रेघा दिसायच्या आणि वर्गातल्या मुली त्यावरून तिची इयत्ता ओळखायच्या. घरात आम्ही चपलांपासून पातेल्यांपर्यंत सगळं वाढत्या अंगाचंच घेत आलो. अशा माणसापुढे थोडंअजूनने आधी कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, आणून ठेवली. गळ्यात टेप होतीच. (माझ्या दुकानातून निघताना काढायची राहिली होती.) मी माप घेतलं. तो म्हणाला, आज लागेल ते सगळं यात आरामात बसेल. 'आज' हा शब्द मला खटकला. उद्याचं काय? म्हणून त्याच्याकडची सगळ्यांत मोठी पेटी घेतली, काचेच्या दाराची. मग वीज पुरवणारा डबा घेतला, तो असा की त्यावर आमच्या गल्लीतली सगळी शिवणयंत्रं चालावीत. मग मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग टाचतात ती पाटी. तिच्यावर मेमरीच्या पट्ट्या लावायला चार खाचा आहेत आणि आम्ही सध्या एकीतच पट्टी लावली आहे. प्रोसेसरची वेळ आली तेव्हा पाकीट बरंच हलकं झालं होतं. थोडंअजूनने विचारलं, तुम्ही कार्ड टाकणारच असाल ना, मग बिनचित्राचा प्रोसेसर घ्या, स्वस्त पडतो. मला वाटलं, कार्ड पुढच्या वर्षी टाकू, दुमड उसवल्यासारखं, तोवर चित्र जरा फिकं दिसेल इतकंच. मी मान डोलावली. त्याने सगळं जोडून पडद्यावर चित्र आणून दाखवलं आणि मी समाधानाने रिक्षा बोलावली.

पेटी जिन्यातून वर न्यायला आम्हाला कठड्याची एक फळी काढावी लागली. घरी आणून लावली, बटण दाबलं. पंखे फिरले, आतले दिवे निळे-जांभळे झाले, आपल्या बहिणीने हात जोडले, आणि पडदा काळाच राहिला. सकाळी काळा, दुपारी काळा. संध्याकाळी चिमीचा फोन आला तेव्हा आईने तिला हे सांगितलं. पोरगी म्हणाली, कॅमेरा सुरू कर, मला आतून दाखव. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिकडे चिमी ताट घेऊन बसते, इकडे आई स्क्रूड्रायव्हर घेऊन बसते आणि मी विजेरी धरतो. ती डावीकडची वायर काढ, परत लाव. मेमरीची पट्टी पुढच्या खाचेत घाल. धूळ झटक. (धूळ नव्या यंत्रात कुठून असणार, पण माझा शिवणयंत्राचा मऊ ब्रश त्या कामी लागला आहे.) आणि या सगळ्याच्या मधून मधून भलतंच काहीतरी निघतं. त्या दिवशी आईने विचारलं, तुझ्या मागे ती खिडकी कुठली, पूर्वी तर तिथे भिंत होती. तेव्हा कळलं की चिमीने खोली बदलली आहे, जुन्या मैत्रिणीशी फाटलं, महिनाभर ती कुणाशी बोलत नव्हती. आईने काढलेला स्क्रू पुन्हा बसवला आणि मग परत काढला. पोरगी रडली, नंतर हसली, नंतर म्हणाली, आता मोठ्या पंख्याची वायर बघू.

तर यंत्राची हकिकत ही अशी आहे. चित्र अजून येत नाही आणि कारणाचा शोध चालू आहे. वहिनींना नमस्कार सांगावा. आपण आलात की सविस्तर बोलूच, म्हणजे आपण बोलाल आणि मी ऐकेन.

आपला,
मेहुणा

ता. क. वर जे लिहिलं ते आपली बहीण पाठीमागे उभी होती म्हणून तसं लिहिलं. कारण मला कळलेलं आहे. मी गुपचूप थोडंअजूनकडे जाऊन आलो. तो म्हणाला, बिनचित्राच्या प्रोसेसरला कार्डाशिवाय चित्र दिसतच नाही, दुकानात दाखवताना त्याने स्वतःचं कार्ड लावलं होतं. घरी सांगायची मला लाज वाटते. आपलं ते जुनं खेळायचं यंत्र, ज्यावर वहिनी हल्ली कुंडी ठेवतात, त्यातलं कार्ड काढून येताना कपड्यांच्या घडीत घालून आणाल का? बहिणीला कळू देऊ नका. सगळे झोपले की मी हळूच बसवीन.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. मामा कार्ड आणणार आहेत, जरा कळ काढ, असं सांगावं म्हणून मी दुकानातून चिमीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आत कार्ड नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आईला सांगू नका ना. कुणी समोर असलं की मला जेवण जातं." तेव्हा कार्ड आत्ताच आणू नये, ही विनंती.

ता. क. तिसरा. आज आपली बहीण चहा घेऊन खाली दुकानात आली. म्हणाली, मागेच रस्त्यात थोडंअजून भेटला होता, कार्ड बसवलंत का म्हणून विचारत होता. म्हणजे हिला सगळं माहीत आहे. मी शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून बसलो. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "चिमीला कळू देऊ नका. तिला वाटतं मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून रोज समजावत बसते बिचारी. खेळ सुरू झाला की लक्ष शेळ्यांकडे जायचं." दादा, म्हणजे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे आणि आज संध्याकाळीसुद्धा तिघांनी मिळून ती पेटी उघडली. मला इतकं बरं वाटलं की विजेरी पेटीऐवजी छतावर धरून बसलो आणि दोघींची बोलणी खाल्ली.

तेव्हा कार्ड आणूच नका. पण तेवढ्याने भागत नाही, खरं मागणं पुढेच आहे. आपण आलात की चष्मा नाकावर सरकवून काचेतून आत बघाल आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात चूक दाखवून द्याल, याची मला खात्री आहे. ते कृपा करून करू नका. पोरीला जेवण जातंय, एवढं मनात ठेवा. फक्त मान हलवा आणि म्हणा, "मला यातलं काही कळत नाही." हे वाक्य आपल्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही, तेव्हा निघण्यापूर्वी आरशासमोर दोन-चार वेळा म्हणून बघावं. वहिनींच्या देखत मात्र नको, त्या डॉक्टरांना बोलावतील.