सोवळ्याचे धोतर

कल्याण, मार्गशीर्ष शु. ५, शके १८१२

ती. मधुदादांस सुमतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

घरी सासूबाई खुशाल आहेत. लिहू नये ते लिहिते. अक्षरे तुम्हीच गिरवून घेतलीत, म्हणून तुम्हालाच.

भाद्रपदापासून इकडचे धोतर कोणी शिवायचे नाही. स्वतः धुऊन माळ्यावर वाळत घालणे होते. आमच्या विश्रामला भटांहून कडक सोवळे लागते, असे सासूबाई शेजारी कौतुकाने सांगतात. मीही हसत होते. परवा वाऱ्याने ते माळ्याच्या खिडकीतून अंगणात पडले. उचलले तर रक्ताचा डाग.

विचारल्यावर सांगणे झाले. मूत्रमार्गाच्या टोकाशी, कातडीखाली व्रण आहे. वैद्यांनी गरमीचा रोग म्हणून पाऱ्याचा रसकापूर दिला. तोंड आले, व्रण तसाच. आता जांघेत गाठ आहे. गरमी कोणाच्या घरून येते ते मला ठाऊक आहे, दादा. मी रडले नाही. पोळ्या केल्या.

लोभ कमी होऊ नये.
सुमती

ठाणे, मार्गशीर्ष शु. १२

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

विश्रामरावांना आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासले. ही गरमी नव्हे. तो संशय आधी काढून टाक. कातडी मागे सरत नाही अशांना कधी कधी हा कर्करोग होतो. अजून टोकाशीच आहे. भूल देऊन तेवढा भाग कापला तर आशा आहे. राहू दिला तर जांघेच्या गाठींत उतरतो, तेथून पोटात, आणि मग कोणाचा इलाज चालत नाही. आताची गाठ नुसत्या दाहाचीही असेल. व्रण गेल्यावर ती विरते की घट्ट होते, ते पाहावे लागेल.

पण ते कापू देत नाहीत. मूल नाही, आणि असे अंग घेऊन देवापुढे कसे बसू, म्हणतात. पाटीसाठी आईशी भांडलीस तशी भांड.

तुझा मधु

कल्याण, माघ शु. २

ती. दादांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

ठाण्याहून आल्यापासून जखम भरत आहे. लघवीची धार फाकते. जांघेत आतडे उतरून झालेला अंतर्गळ कापला, असे सासूबाईंना सांगितले आहे. त्यांनी नवसही फेडला.

तुम्ही विचारले होते, कसे ऐकले. मी भांडले नाही. एवढेच म्हणाले, की देवापुढे मी बसेन, तुम्ही दारात बसून मंत्र सांगा.  मग इकडून ठाण्याच्या गाडीची वेळ विचारणे झाले.

गाठ मी रोज चाचपते. भिजल्या वालाएवढी होती, आता मसुरीएवढी लागते. खरेच लागते की मला तशी हवी आहे, ते कळत नाही. तुम्ही येऊन पाहावे.

आज सकाळी धोतर माझ्या हातात देणे झाले. सोवळे सुटले का, असे सासूबाईंनी विचारले. मी हो म्हणाले, आणि ते अंगणात, सर्वांसमोर वाळत घातले.

लोभ आहे तसाच असू द्यावा.
सुमती