ठकीचे पाटे

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आपल्या जुन्या पिकअपचा, ठकीचा पत्रा ठोकून सरळ झाला, इंजिन पहिल्या हाकेला ओ देतं, बाबांनी शेजारी बसून सीट शिवून घेतली, आता मागचे स्प्रिंगचे पाटे तेवढे मिळायचे राहिलेत, असं तू भारी आनंदाने लिहिलंयस. इकडे ते वाचून मी हातातलं काम टाकून लिहायला बसले.

बाबांनीही मला दोन ओळी खरडल्या आहेत. पाटे बसले की आईचं कपाट ठकीत चढवून, स्वतः चालवत, घाट चढून माझ्या दारात आणून उभं करणार म्हणे. कपाट मला हवंय, नाही कशाला म्हणू? आईनं ते माझ्यासाठीच ठेवलं होतं. पण कपाट आणायला टेंपो मिळतो, माणसं मिळतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं, ज्या पिकअपनं एकदा आपल्याला घाटात कठड्यावर टांगून ठेवलं तीच बाहेर काढून त्याच घाटात घालायची, हे कुठलं खूळ?

तू तेव्हा रांगत होतास. तुला ती ऐकीव गोष्ट आहे, मी मात्र गाडीत होते. मागे फरश्या भरल्या होत्या. डावा पाटा तुटला तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला नि ठकी एका अंगावर कलली. कठड्याला घासत घासत थांबली तेव्हा माझ्या बाजूच्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, नुसती झाडांची टोकं दिसत होती. बाबांचा हात माझ्या छातीवर इतका घट्ट दाबलेला होता, की पुढे चार दिवस तिथं वळ होता. आईनं त्याच संध्याकाळी ठकीला शेडमध्ये घालून किल्ली स्वतःजवळ ठेवली, ती अखेरपर्यंत. आता आई नाही, तर किल्ली निघाली.

तेव्हा ऐक. तू पाटे शोध, पण सापडू देऊ नकोस. त्या बनावटीची गाडी निघायची बंद होऊन जमाना झाला, पाटे मिळाले नाहीत तर कोणाला नवल वाटणार नाही. बाबा महिना-दोन महिने कुरकुरतील आणि मग विसरतील. एवढं माझं ऐकच.

हे म्हणतात, मी उगाच घाबरते. त्यांना म्हणायला काय जातं, ते ठकीत कधी बसलेच नाहीत.

प्रकृतीला जप. माझ्यावर लोभ कर, आणि नुसता लोभ नको, ऐकतही जा.
तुझी ताई


ता. १७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामावर, पंपहाऊसवरच वाचलं, घरी नेलंच नाही. कारण तू नको म्हणतेस ते पाटे माझ्यासमोरच पडले होते.

झालं असं. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या आवारात मी गेले कित्येक रविवार हिंडतोय. सगळीकडे एकच उत्तर, की त्या मापाचं काही उरलं नाही. कुठं रुंदी जमली तर लांबी जमेना, लांबी जमली तर टोकाचा डोळा, म्हणजे ज्यातून पिन जाते ती गुंडाळी, भलत्याच मापाची. गेल्या रविवारी एका आवारात कोंबड्या ज्याच्यावर बसल्या होत्या ते काय म्हणून पाहिलं, तर ठकीची सख्खी बहीण! टप नाही, चाकं नाहीत, पण मागची दोन्ही पाट्यांची जोडी जागच्या जागी. वर गंज होता, आत लोखंड निरोगी. सोडवून आणली. बाबांना चकित करायचं म्हणून आधी इथं आणली, घासली, पंपाचं ग्रीस चोपडलं. आणि दुसऱ्याच दिवशी तुझं पत्र.

तू सांगतेस तर लपवतो. जोडी गोणपाटात गुंडाळून जादा मोटरच्या मागे ठेवली आहे. पण ताई, मला हे जमत नाही गं. घरी गेलो की बाबा फाटकातच उभे असतात. तोंडानं विचारत नाहीत, माझ्या हाताकडे बघतात. मी मान हलवतो. मग ते ठकीचं चाक उगाच फडक्यानं पुसतात.

भीती मलाही वाटते. पण तुझी भीती घाटाची, माझी वेगळीच आहे. हल्ली काही विचारलं तर ते दुसऱ्याच कशाचं उत्तर देतात. परवा मी म्हटलं, दूध नासलंय, तर म्हणाले, हो, सावकाश ये. रेडिओ इतका मोठ्यानं लावतात की शेजारच्या मास्तरीणबाईंनी निरोप धाडला, बातम्या आम्हाला ऐकवल्याबद्दल आभार, पण आमच्याकडेही रेडिओ आहे. अशा माणसाला मागून हॉर्न वाजलेला कसा कळणार? म्हणून तुझं ऐकतोय, एरवी ऐकलं नसतं.

भाऊजींना नमस्कार. त्यांना एकदा ठकीत बसवूच, म्हणजे घाबरतील.
लोभ वाढवायला जागा असेल तर वाढवावा.
तुझा धाकटा


ता. ३ मार्च

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, पाटा मिळाला. तुझ्या भावाला जे इतक्या रविवारांत जमलं नाही ते तुझ्या बापाला एका सकाळी जमलं. त्याला मी बोल लावत नाही. पोरगं वणवण करून रिकाम्या हातानं यायचं, तोंड इतकंसं व्हायचं, मलाच पाहवेना.

हमरस्त्यावर एक कामगार आहे, मोठ्या ट्रकचे पाटे कापून लहान गाड्यांना बसवून देतो. उजवी बाजू आपली चांगलीच होती. डावीकडचा वरचा मुख्य पाटा त्यानं कापला, भट्टीत लाल करून टोकाचा डोळा वळवला आणि कडक व्हायला पाणी दिलं. पाणी नीट दिलंस ना, असं मी विचारलं, त्यावर त्यानं मान हलवली. गाडी रंगाला नेतो असं धाकट्याला सांगून तिकडेच पाटा बसवून घेतला. आता ठकी दोन्ही अंगांनी सारखी उभी आहे. धाकट्याला दिसू नये म्हणून रविवारपर्यंत तिकडेच ठेवली आहे. आईनं पाहिली असती तर दोन दिवस बोलली नसती, पण तिसऱ्या दिवशी बसली असती.

नेहमीप्रमाणे पाना मारून पाहिला. जरा मऊ वाजतो. नवं काम आहे, बसेल हळूहळू. निभेल.

येत्या रविवारी सकाळी निघतो. धाकट्याची पहाटेपासून पाळी आहे, म्हणजे मोडता घालायला कोणी नाही. कपाट चढवायला माणसं सांगितली आहेत. त्याला यातलं काही कळवू नकोस. दुपारी तुझ्या दारात हॉर्न वाजेल, मग तूच त्याला लिही की बाबा पोचले.

घाटातल्या त्या वळणावर तुला काय आठवत असेल ते मला ठाऊक आहे. मलाही तेच आठवतं. तिथून एकदा नीट पार व्हायचंय, बाकी काही नाही. पुढच्या साली हात-पाय काय म्हणतील कोण जाणे.

सर्वांना आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू दे, माझ्या मागेही राहू दे.
बाबा


ता. ७ मार्च, शनिवार

चि. धाकट्यास,

तार केली आहे. हे पत्र तारेच्या मागून येईल, पण हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहिते.

बाबांचं पत्र आज दुपारी आलं. ट्रंककॉल लावायला गेले तर तुमच्या पंपहाऊसची लाइन बंद. शेवटी तार. बाबांनी तुला न सांगता डावा पाटा बसवलाय, उद्या सकाळी निघणार आहेत. त्यांनी लिहिलंय, पाना मारला तर मऊ वाजतो, निभेल.

तुला ते माहीत नसेल. घाटाच्या पायथ्याशी बाबा नेहमी गाडी थांबवायचे, उतरून प्रत्येक पाट्यावर पाना मारायचे नि कान लावायचे. पाटा चांगला असला की टण्ण वाजायचा नि वाजतच राहायचा. ती गंमत ऐकायला मी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबायची. फरश्यांच्या दिवशी तीन टण्ण वाजले नि चौथा मऊ वाजला. बाबा गाडीत चढले नि म्हणाले, निभेल. हाच शब्द.

आज इतक्या वर्षांनी त्यांच्या अक्षरात तो वाचला नि मी कागद हातातून टाकून दिला. हे धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला.

मीच म्हटलं होतं, पाटे सापडू देऊ नकोस. चांगले पाटे मोटरच्या मागे झाकून ठेवायला लावले आणि त्यांना त्या भट्टीवाल्याच्या दारात धाडलं. त्यांना काही झालं तर

उद्या सकाळपासून मी रस्त्यावर जाऊन उभी राहणार आहे. हे म्हणतात, मीही येतो.

ताई


ता. ९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघंही घरी आहोत, धड आहोत. तारेनं एवढं कळवलंच होतं, आता सविस्तर लिहितो.

तुझी तार मास्तरीणबाईंनी पदर खोचून पळत पंपहाऊसवर आणून दिली. ठकी फाटकातून जाऊन बराच वेळ झाला होता, हेही त्यांनीच सांगितलं. मी पंप सोबत्याच्या गळ्यात घातला नि टँकरवाल्याच्या शेजारी चढलो. तो विचारत होता, कोण आजारी आहे. प्रत्येक वळणावर मी आधी कडेचा खड्डा बघायचो, मग रस्ता.

घाटाच्या पायथ्याशी ठकी उभी दिसली. मागे दोरांनी आवळलेलं कपाट. बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, पाना मांडीवर. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, रागही आला नाही. सकाळपासून इथंच आहे म्हणाले. पुन्हा पुन्हा पाना मारतोय, पण उजवा नि डावा मला सारखेच वाजतात. मऊ. आधी वाटलं नवं काम आहे म्हणून मऊ. आज पाहतो तर जुना उजवाही मऊ. मग माझ्या लक्षात आलं, म्हणाले, की पाटा नाही, कान गेलाय. आणि कान गेला तर घाट चढायचा कशाच्या भरवशावर?

ताई, बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पाना माझ्यापुढे धरला नि म्हणाले, तू ऐक.

मी उजव्यावर मारला. टण्ण. आणि वाजतच राहिला. डाव्यावर मारला, तर ओल्या लाकडावर मारावं तसं. गाडीखाली सरपटत गेलो. डोळ्याच्या वळणाला केसाएवढी चीर, निम्म्या रुंदीपर्यंत गेलेली. बाहेर आलो. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, सांग. मी सांगितलं. मोठ्यानं, दोनदा.

मग तिथंच तुझी-माझी सगळी लबाडीही सांगून टाकली. आता मार खातोय, असं वाटलं. त्यांनी पाना फडक्यानं पुसला. मग विचारलं, कुठं ठेवलेत? म्हटलं, पंपहाऊसमध्ये, मोटरच्या मागे. तर म्हणाले, तिथं दमट असतं गाढवा, ग्रीस तरी लावलंस का?

कपाट टँकरवाल्याच्या ओळखीच्या ट्रकवर चढवून परत घरी धाडलं नि ठकीला टँकरमागे बांधून माणसाच्या चालीनं घरी आणलं. वाटेत बाबा एकच वाक्य बोलले. पुढच्या खेपेला तू चालव, मी शेजारी बसतो.

मी घाट कधीच चालवलेला नाही. हे तुलाच सांगतोय, त्यांना बोललो नाही. तू नको म्हणालीस तर ठकी कायमची शेडमध्ये घालतो. या वेळी मात्र लपवाछपवी नाही, तुझं पत्र त्यांनाच वाचायला देईन.

लोभ असू दे, रागाच्या मागच्या बाजूला का होईना.
तुझा धाकटा


ता. १६ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि., चि. धाकट्यास आशीर्वाद.

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते. कोणी कोणापासून काही लपवायचं नाही.

भीती गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही. पण त्या रविवारी दिवसभर रस्त्यावर उभी राहिले तेव्हा कळलं, की तुम्ही येणार नाही हे कळवणारी तार हातात घेऊनही मी वळणाकडेच बघत होते.

या. धाकट्यानंच चालवायची, बाबांनी मध्ये हात घालायचा नाही. चांगले पाटे दोन्ही बाजूंना, जोडीनं बसवा. पायथ्याशी थांबा. आवाज मऊ आला तर मागे फिरा, तुम्ही फिरलात म्हणून मी हसणार नाही.

लोभ आहे म्हणूनच एवढी कटकट.
ताई


ता. २९ मार्च, घाटाच्या पायथ्याहून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पेन्सिलीनं लिहितोय, ठकीच्या बॉनेटवर कागद ठेवून. मागे आईचं कपाट दोरांनी आवळलंय. इथं टपालपेटी आहे. पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा आम्ही तुझ्याकडे जेवून-झोपून परतलेलोही असू. तरी टाकतोय, पायथ्याहून खबर देईन असं तुला कबूल केलं होतं म्हणून.

बाबांनी पाना मारला, मी कान लावला. चारही पाटे टण्ण वाजले. चौथ्यावर मी त्यांना पुन्हा मारायला लावला, आणि मग आणखी एकदा. तोही वाजत राहिला. माझे तळहात इतके घामेजलेत की स्टिअरिंग फडक्यानं पुसून घेतलंय. आता निघतो. खाली बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत.
धाकटा

चि. ताई, आशीर्वाद. मला काही ऐकू आलं नाही. पण मी पाना मारत होतो तेव्हा याच्या तोंडाकडे बघत होतो. टण्ण वाजलं.
बाबा