काचेवरची साय

३ ऑक्टोबर

धाकट्या बहिणीकडे येऊन पोचले. दोन बॅगा, माझी इस्त्री (दुसऱ्यांच्या इस्त्रीवर माझा विश्वास नाही) आणि ही वही. घर मला आवडलं. खोल्या मोठ्या, उजेड भरपूर, नळाला जोर आहे. माझ्यासाठी वरची खोली ठेवली आहे. गादी कडक आहे, म्हणजे माझ्या मनासारखी.

परवा धाकटीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा जन्मापासून नावालाच, त्यामुळे जे काही आहे ते या एकावरच. तिला सुईत दोरा स्वतः ओवायचा आहे, एवढीच तिची इच्छा. काळा चष्मा लावून दारात उभी होती, मला बघून रडायला लागली. मी म्हटलं, डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग हसली.

एकच गोष्ट खटकली. बाहेरच्या खोलीत मेहुण्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, पलंगाएवढी लांब. ते गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. चारही काचांवर हिरवट तपकिरी शेवाळाची अशी साय धरली आहे की आतलं काही दिसत नाही. मासे किती, विचारलं. म्हणाली, शेवटचे दिसले तेव्हा तीन होते.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली. रक्त, आयोडीन, पू, सगळ्यांशी दोन हात केले. अशी काच मला बघवत नाही. धाकटी म्हणाली, असू दे गं ताई, त्यांची आहे. मी म्हटलं, त्यांची आहे म्हणूनच.

५ ऑक्टोबर

टाकी घासली. मेहुण्यांची सगळी हत्यारं एका खणात, ओळीने. माणूस शिस्तीचा होता. चुंबकाचा घासणा आहे, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला मागोमाग येतो. खाली वाळूजवळ जपायचं, कण अडकला तर काचेला कायमची रेघ. कोपरे जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडले. दुधावरची साय निघावी तशी सगळी निघाली आणि पाण्यात तरंगत गाळणीकडे गेली.

आत खरोखर तीन मासे आहेत. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि एक पिवळा, लिंबाच्या फोडीसारखा. धाकटीला खुर्चीत आणून बसवलं. ती टाकीकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिली. छान झालं म्हणाली. एवढ्या कामाला एवढंच कौतुक.

६ ऑक्टोबर

सकाळी धाकटी म्हणाली, धुरकट दिसतंय. तडक दवाखान्यात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हात हलका आहे. त्या म्हणाल्या, भिंगामागे पातळ पडदा धरलाय. असं होतं, पण महिन्या-वर्षांनी, पाच दिवसांत नाही. थेंब वाढवून दिले. ती डोळा चोळते का, असं मला बाजूला घेऊन विचारलं. माझ्या देखत कोणी डोळा चोळेल?

९ ऑक्टोबर

काच पुन्हा मळली. चार दिवसांत! टाकीचं दुरुस्तीकाम करणाऱ्याला बोलावलं. हा टाकीवाला सगळ्यांनाच मावशी म्हणतो. मी सांगितलं की मला एकच भाची आहे आणि ती परदेशी असते. तो म्हणाला, मग तर मावशीच की तुम्ही. त्याच्या मते दिवा फार वेळ चालू राहतो, खाणं जास्त पडतं आणि नळाचं पाणी घातलं की शेवाळाची दिवाणखान्यात मेजवानी. गाळलेलं पाणी आणि शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगाई गळ्यात मारून गेला. दिवा निम्म्यावर आणला, खाणं एक दिवसाआड.

धाकटीचा डोळा मात्र आज स्वच्छ आहे. पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि माझ्या झग्याला तुटलेलं बटण लावून दिलं. दिवसभर गुणगुणत होती.

१० ऑक्टोबर

सकाळी काच पुन्हा घासली, या वेळी पात्याने. आरशासारखी झाली. आता बघू.

११ ऑक्टोबर

धाकटीचा डोळा पुन्हा धुरकट. डॉक्टरीणबाई यंत्रातून बराच वेळ बघत होत्या. परवा फोनवर आपण डोळा साफ आहे म्हणालात, मग हा पडदा आला कुठून, असं मलाच विचारू लागल्या. मला माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? हे मनातच ठेवलं.

१४ ऑक्टोबर

सगळं नियमाने केलं. दिवा कमी, खाणं कमी, पाणी गाळलेलं, गोगलगाई चार. शेवाळाला उजेड लागतो आणि अन्न लागतं. दोन्ही तोडल्यावर मरायला हवं. मरत नाही. गोगलगाई एका कोपऱ्यात चिकटून बसल्या आहेत, संपावर गेल्यासारख्या. साय पहिल्यापेक्षा जाड. इतकी चीड मला रक्ताच्या डागानेही कधी आणली नव्हती.

डोळा स्वच्छ आहे.

ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि वही मिटून ठेवावीशी वाटली. योगायोग आहे. या वयात भलते विचार शोभत नाहीत.

१५ ऑक्टोबर

योगायोग असेल तर तपासायला हरकत नाही. धाकटी झोपलेली असताना पुढची काच बरोबर अर्धी घासली. उजवी बाजू लख्ख, डावी तशीच. तिला काही सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर

ती वर्तमानपत्र घेऊन बसली होती. म्हणाली, गंमतच आहे ताई, पानाची डावी बाजू दिसते, उजवी नाही.

मी चहा केला. मग तिला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला. मेहुणे टाकी रोज घासायचे. शेवटच्या वर्षी त्यांची नजर गेली, डॉक्टरांनी त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं. दिसत नव्हतं तरी चाचपडत घासणा फिरवायचे. ते गेले त्या दिवशी टाकी नव्यासारखी होती. तेव्हापासून तिने काचेला हात लावला नाही. दुसरं काय करावं तिला कळेना.

मग मी घासायला लागले तेव्हा का नाही बोललीस, मी विचारलं.

"तू हसली असतीस," ती म्हणाली.

हसले नसते. रागावले असते, हे खरं.

धुलाईखान्यात नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगायचे: डाग नाहीसा होत नसतो, कापडातून निघतो आणि पाण्यात जातो. मलाच ते सुचू नये?

१७ ऑक्टोबर

ठरवलं. टाकी घराबाहेर. साय काचेवर असेल तशीच राहू द्यायची, काच गेली की सायही जाईल. तीन दिवस थांबून पुरती धरू देते. घासणा कुलपात ठेवला.

२० ऑक्टोबर

काच पूर्ण झाकली. धाकटीला खिडकीतून समोरच्या घरावरची कबुतरं मोजता आली. टाकीवाला आला. मासे आणि गोगलगाई पिशव्यांत भरून दुकानात नेल्या, मग पाणी उपसलं. काच अजिबात पुसायची नाही, असं त्याला सांगणार होते. तेवढ्यात भाचीचा फोन आला. वर जाऊन बोलले.

खाली आले तेव्हा टाकी मागच्या अंगणात उन्हात उभी होती. त्याने ती तेजाबाच्या पाण्याने धुतली होती. एक कण नाही. खूश होऊन म्हणाला, "मावशी, तुमची स्वच्छतेची आवड माहीत आहे म्हणून."

आयुष्यभर मीच ही आवड गावभर मिरवली.

आत धाकटीने हाक मारली. दिवे गेले का, विचारत होती.

२१ ऑक्टोबर

तिला उजेडसुद्धा कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत पांढरी भिंत आहे. पुन्हा ऑपरेशन करायचं तर हा पडदा कशाचा आहे ते आधी कळायला हवं, नमुना तपासायला पाठवते.

टाकी परत आत घेतली. टाकीवाल्याला काय झालं कळेना, पण तो मुकाट्याने मीठ कालवून पाणी भरून गेला. नळाचंच पाणी घातलं. दिवा बंद करायचा नाही.

२२ ऑक्टोबर

मासे नसलेल्या टाकीत दिवसातून चार वेळा खाणं टाकते. पाणी गढूळ झालं, वास सुटला. काच लख्ख. बोट फिरवून बघते. काही नाही. जे हाकलायला दहा दिवस हात झिजवले, तेच आता ये म्हणून विनवते आहे. टाकीवाल्याच्या दुकानातून शेवाळ धरलेला दगड आणून टाकला. दुपारपर्यंत दगड पांढरा पडला.

काचेवर यायचंच नाही त्याला. त्याला चांगली जागा मिळाली आहे.

२३

धाकटी दिवसभर खुर्चीत बसून असते. जेवताना घास गालाला लागतो. मी पुसते. ती म्हणते, तू उठून जाशील तेव्हा मला सांगून जा, नाहीतर मी बोलतच राहीन.

काल तिला झोपवून पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. पाणी कोमट. रिकाम्या खोलीत वेड्यासारखी मोठ्याने बोलले. "तिला सोड. इथे माझे दोन आहेत."

कोणाला बोलले—

२४

धाकटीला दिसतं. सगळं. पहाटे धावत वर आली, जिन्यावर कुठे न धडकता. खिडकीतून कबुतरं दाखवत होती. मी हो हो म्हटलं. मला ती दिसली असती तर—

खाली जाऊन काच तपासली. हाताला गुळगुळीत लागते. काचेवर नाही. तिच्याकडे नाही. दिवा लावला आहे की नाही, ते तिला विचारावं लागलं.

माझा चष्मा पुसला. चष्म्यावर नाही.

धाकटी बाजूला उभी आहे. म्हणते ताई, तू ओळीवर ओळ लिहिते आहेस. म्हटलं गप्प बस, मला दिसतंय, डावीकडचं तर अजून चांगलं दि—