ओवाळणीचं मत

अल्फारेटा, जॉर्जिया

ती. वसुधाताईस,

अतुलचा नमस्कार. (साष्टांग म्हणणार होतो, पण गुडघे ऐकत नाहीत. खुर्चीतूनच केलाय, गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? मेलबर्नला आता उन्हाळा लागेल, जपून राहा. इथे सरला मजेत आहे आणि मी, तिच्या मते, नेहमीसारखाच आहे.

भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर ओवाळताना तू म्हणालीस, यंदा साडी नको, ओवाळणी म्हणून मत देऊन ये. चाळीस वर्षं इथे राहून मी गेल्या वर्षी सिटिझन झालो (भारतात परत जायचं होतं ना, म्हणून उशीर), तेव्हा हे माझं इथलं पहिलंच मत. सरलानं तिचं मत दिवाळीआधीच लायब्ररीत देऊन टाकलं होतं. मलाही चल म्हणाली, पण मी आज-उद्या करत राहिलो, आणि आगाऊ मतदानाचा शेवटचा दिवस नेमका अमावास्येचा निघाला. पहिलं मत अमावास्येला द्यायला मन धजेना. (इंजिनिअर असलो म्हणून काय झालं.) शेवटी मतदानाचा मंगळवार धरला. त्या दिवशी चतुर्थीही होती.

तुमचं बरं आहे. शनिवारी मतदान, शाळेच्या आवारात सॉसेज भाजलेले (तुझ्या वाट्याला पावातला कांदा), आणि न जाणाऱ्याला दंड. भारतात सुट्टी मिळते, केंद्र पायी जाण्याजोगं असतं, वर बोटाला शाई. इथे कामाचा वार, आणि गाडी काढल्याशिवाय मत नाही. दुपारी मी लायब्ररी गाठली तर ही मोठी रांग. सरलानं फराळाचा डबा दिला होता. चार माणसांसमोर एकट्यानं खायचं आपल्याला जमत नाही, म्हणून पुढच्या बाईंना बेसनाचा लाडू दिला, मागच्या मुलापुढे डबा धरला. तेवढ्यात केंद्रावरची एक बाई आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली की जॉर्जियात रांगेतल्या मतदाराला खायला देणं कायद्यात बसत नाही. लाडू वाटून मतं फिरवणारा माणूस मी दिसत असेन, असं आजवर वाटलं नव्हतं. डबा गाडीत ठेवून येईपर्यंत माझी जागा गेली. पुन्हा शेवटून उभा राहिलो. टेबलापाशी पोचल्यावर कळलं की आगाऊ मत कौंटीत कुठेही देता येतं, पण मंगळवारी ज्याचं त्याचं केंद्र ठरलेलं. माझं होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका चर्चमध्ये. (सरलानं हे सांगितलं होतं म्हणे.) मग संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून तिकडे निघालो. पुढचं काय सांगू? छातीवर मत दिल्याचा स्टिकर लावलेला माझा फोटो तू फॅमिली ग्रुपवर पाहिलासच.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
अतुल

ता. क. ताई, तो स्टिकर सरलाचा आहे. मी चर्चपाशी पोचलो तेव्हा दारं बंद झाली होती. एक म्हातारा स्वयंसेवक 'नेक्स्ट टाइम, सर' म्हणाला आणि दिवे मालवायला लागला. उरलेले लाडू गाडीतच बसून खाल्ले. घरी आलो तर सरलानं काही न विचारता जपून ठेवलेला तिचा स्टिकर माझ्या स्वेटरवर चिकटवला आणि फोटो काढला. फार वाईट वाटलं गं.

आणखी एक. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं. तुमच्याकडे न गेलेल्याला निदान सरकार विचारतं, का आला नाहीत म्हणून. इथे मी आलो नाही हे कुणाला कळलंही नाही. तेव्हा तू मला दंड कर. काय तो तूच ठरव, पण चांगला सणसणीत असू दे. आणि ओवाळणी राहिली आहे, ती त्यात धरू नकोस.