दर पाच मिनिटांच्या इशाऱ्यापायी अडकलेल्या कार्यमुक्तीबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
संगणक कक्ष, मुख्य कार्यालय.

विषय: मेल सर्व्हरच्या लॉगमधील इशाऱ्यांचा खुलासा व बदलीच्या जागी सोडण्याबाबत.

संदर्भ: १) माझा बदली आदेश, सात महिन्यांपूर्वीचा. २) आपले परिपत्रक: ‘लॉगमध्ये एकही इशारा नसलेला पूर्ण दिवस दाखवल्याशिवाय चालकास सोडू नये.’ ३) माझे आधीचे सहा अर्ज.

महोदय,

सविनय सादर करतो की, लॉगमध्ये रोज ‘जोडणी झाली, संवाद न होता तुटली’ असे २८८ इशारे येतात. हा बिघाड नव्हे. सर्व्हर जागा आहे ना, हे पाहण्यासाठी आपण बसवलेले तपासणी यंत्र दर पाच मिनिटांनी जोडणी करते, उत्तर मिळताच न बोलता निघून जाते. सर्व्हर प्रामाणिक असल्याने तेवढेही लिहून ठेवतो. म्हणजे तपासणी करणारे यंत्रच इशारे निर्माण करते आणि मी मात्र तळघरात अडकून पडलो आहे.

गेल्या महिन्यात आपल्या तोंडी परवानगीने ते यंत्र दिवसभर बंद ठेवले. त्या दिवशी एकच इशारा आला: ‘तपासणी यंत्राची जोडणी आली नाही.’ एक म्हणजे शून्य नव्हे, असा शेरा मारून आपण अर्ज परत केलात. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी माझी गत झाली आहे.

खाजगी बाब लिहितो, क्षमा असावी. माझी पत्नी बदलीच्या गावी आधीच जाऊन राहिली आहे. कधी सुटणार ते सांगू नका, सुटलात की सांगा, असे ती म्हणाली. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत ती दोन रिंग देऊन फोन ठेवत असे. मी जागेवर आहे ना, एवढेच तिला पाहायचे असे. मला त्याचा राग येई. आता नऊ दिवस रिंग आलेली नाही, आणि मी केलेला फोन ती उचलत नाही. यंत्र एक दिवस आले नाही तर सर्व्हरने त्याच दिवशी कळवले. हिच्याबाबत मला कोणीच इशारा दिला नाही.

तरी एका इशाऱ्यासह मला सोडावे, ही विनंती.

आपला नम्र, अद्याप जागेवर असलेला,
(सही)
मेल सर्व्हर चालक, तळघर
दिनांक: १४ मार्च

सोबत:
१) लॉगची प्रत, पाने ४१२.
२) पत्नीने दिलेल्या, मी न उचललेल्या रिंगची यादी, पान १. शेवटची नोंद ५ मार्च.