आई जिच्याशी बोलत होती

बाबा, ऐकता ना?

आज सकाळी आईनं मले फोन लावला. मी बाजूच्याच खोलीत होती. माझा मोबाईल टेबलावर उलटा पडला होता, तो वाजलाच नाही. तरी तिकडून मीच बोलली! म्हणून लिहून राहिली. हे दुसऱ्या कोणाले सांगू? जिवंत माणसं म्हणतील, पोरगी येडी झाली.

आधी एक गोष्ट सांगते, जी तीन आठवडे आईले सांगितली नाही. माझी अमरावतीची नोकरी गेली, बाबा. तेच हापिस, जिथं मी लोकांच्या कुलर-फ्रिजच्या तक्रारी फोनवर ऐकायची. तुमी सगळ्या भाजीबाजारात सांगत फिरायचे ना, "माही पोरगी कानाले मशीन लावून पगार घेते"?

जायच्या आधी आमाले दोन दिवस काचेच्या खोलीत बसवलं होतं. माईकसमोर ढीगभर वाक्यं वाचून घेतली. हसून वाचा. आता माफी मागून वाचा. आता काळजीनं. साहेब म्हणे, ट्रेनिंग आहे. माझं वाचणं त्याले सगळ्यात आवडलं. किती खुश होती मी! एक चॉकलेटही भेटलं. महिन्याभरानं मेल आला, उद्यापासून येऊ नका. खाली 'पॉझिटिव्ह राहा' अन् एक पिवळा हसरा चेहरा.

मी अकोल्याले घरी आली अन् आईले म्हटलं, आता घरूनच काम आहे. लॅपटॉप तर हापिसानं ठेवून घेतला. कॉलेजातला जुना, स्क्रीन काळी पडलेला, तोच उघडते अन् त्याच्यावर बोटं वाजवत बसते. आई चपला काढून, पावलांचा आवाज न करता चहा ठेवून जाते. टीव्ही लावत नाही. पोरगी काम करून राहिली ना! त्या शांततेची मले भीती वाटते, बाबा.

अन् त्या शांततेत रोज दहाले तुमी येता.

तुमाले जाऊन दीड वर्ष झालं. तुमची भाजीची गाडी रहीमचाचांनी घेतली, भोंग्यासकट. भोंग्यात अजून तुमचाच आवाज आहे. आठवते, आपण तो कसा भरला होता? बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद करून तुमी गोधडी पांघरून बसले होते. घामानं निथळत ओरडले, "वांगे घ्या, लाल भेदरं घ्या, मेथी घ्या..." मग खोकले. मग "हिरवागार सांबार घ्या!" मी म्हटलं, खोकला कापून टाकते. तर तुमी म्हणाले, "राहू दे व. खोकल्याबिगर लोकं ओयखतीन का मले?"

मी हसली. काहून हसली? किती महिन्यांचा होता तो खोकला? विचारलं की "धूळ हाय" म्हणायचे. दवाखान्यात डॉक्टरनं छातीची फिल्म उजेडात धरली तेव्हा कळलं. तुमचंही चुकलंच, बाबा! घरच्यांपासून असं लपवतात का?

हे वाक्य लिहिलं अन् माझाच हात थांबला.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी तुमचा आवाज आटाचक्कीपासून वळला, सरकत सरकत आपल्या दारापुढं आला अन् खोकला. मी धावली. खिडकीतून पाहिलं तर गाडीमागं रहीमचाचा. मी म्हटलं, चाचा, दुसरा आवाज भरून देऊ का?

"भरला होता बेटा, माझा. एक बाई बाहर नाई निकली," चाचा म्हणाले. "भाऊच्या आवाजाले गिऱ्हाईक येते. मी तं फक्त गाडी ढकलतो."

पहिलं गिऱ्हाईक आई असते. तुमच्या वेळेसारखी बोहनी अजून तीच करते. भाजी रहीमचाचांकडून घेते, पाहते मात्र भोंग्याकडं.

आज बोहनी करून ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं तिकडून माझा आवाज आला.

"नमस्कार! मी तुमची काय मदत करू शकते?"

माझं तोंड बंद होतं, बाबा. मी हात लावून पाहिलं.

मग उमजलं. काचेच्या खोलीतली वाक्यं! ती यासाठी होती, माझ्या जागी माझ्याच आवाजात मशीन बोलावं म्हणून.

मी दारापर्यंत गेली. आई पाठमोरी, मेथी निवडत होती, मोबाईल ओट्यावर. आपल्या कुलरवर चिकटवलेला आमच्या हापिसाचा तक्रारीचा नंबर ती मी अमरावतीले असतानाही लावायची, चुकून मीच लागली तर म्हणून. तेव्हा मैत्रिणी उचलायच्या अन् ओरडायच्या, "पल्लवी, तुझी आई!" आता दर वेळी मीच लागते.

"जेवली का व?" आईनं विचारलं.

"माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"लयच शुद्ध बोलून राहिली. पुन्यावाली झाली तू." आई हसली. मग तिचे हात थांबले. "एक सांग मले. तुई नोकरी गेली का व? घरातली तं सांगत नाई. बंद डब्ब्यावर बोटं नाचवते दिवसभर."

"मी तुमची तक्रार नोंदवू का?"

"नोंदव बाई."

किती गोड बोलत होती ती! माझ्याहून गोड. अन् आई तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळं बोलत होती, तिच्याशी. मले वाटलं, आता मी गप्प राहिली तर आईले तीच पुरेल. मी भिंतीपलीकडून ऐकत राहीन.

"गेली," मी म्हटलं.

आई वळली नाही. ती मोबाईलकडंच पाहत राहिली. कोणत्या पोरीनं उत्तर दिलं, ते तिले कळलंच नाही.

"आई, इकडं! मी. गेली नोकरी. तीन आठवडे झाले."

मग वळली. "मंग हे कोन हाय?"

"मीच. मी वाचलेलं त्यायनं ठेवून घेतलं."

"अन् तुले काढलं?"

"हो."

आईनं मोबाईलकडं पाहिलं. "चाल, निदान हिची तं नोकरी हाय!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की मेथी खाली सांडली. हसता हसता आई रडायले लागली. मग मी पण. फोन चालूच होता. मधूनमधून मी विचारून राहिली होती, "आपण लाईनवर आहात का?"

आईनं फोन कापला, पदरानं माझं तोंड पुसलं अन् म्हणाली, "तुह्या बापानं पन धूळ म्हनलं होतं. बस झालं आता."

सोमवारी मी अमरावतीले चालली. अर्ज लिहिला आहे, मले काढलं तर माझा आवाजही काढा. आई म्हणते, मी सोबत येते, त्या साहेबाले दोन शब्द माहे पन ऐकू दे. ते हसतील, बाहेर काढतील, सगळं शक्य आहे. अकोटच्या एका शाळेत क्लार्क पायजे म्हणे, तिथंही जाऊन येईन. भेटन, नाही भेटन. पण आज बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

शब्द देते, बाबा. जे दुखन ते त्याच दिवशी आईले सांगीन, तिच्यासमोर बसून. अन् तुमी आहात तिथं कधी कोणी माझ्या आवाजात, फार गोड, फार शुद्ध बोलून सांगितलं की सगळं ठीक आहे, तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

तुमची,
पल्लवी